एल्डरविकांची थोरली पाती

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला ज्या घराच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं राहिले, त्या घराच्या हॉलमध्ये चारशेच्या वर माणसं मुक्कामाला होती. त्यातली निम्म्याहून जास्त मेलेली होती. उरलेली कनेटिकटपासून ओरेगनपर्यंत कुठे कुठे पांगलेली होती आणि आपण एका मराठी माणसाच्या भिंतीवर राहतो, याचा त्यांना पत्ता नव्हता.

ही सगळी एल्डरविक मंडळी. अमेरिकेत इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा या घराण्याचा न्यू जर्सीत मोठा दबदबा होता. गव्हर्नरच्या कौन्सिलवर यांचा माणूस, असेंब्लीत यांचा माणूस, आणि पुढे राजाविरुद्ध उठाव झाला तेव्हा दोन्ही बाजूंना यांचेच भाऊ. गावाबाहेर त्यांचं दगडी मॅन्शन अजून उभं आहे, त्याचं आता म्युझियम झालंय. आमचे घरमालक काका तिथे शनिवार-रविवार फुकट गाइडचं काम करायचे आणि आठवड्याचे उरलेले पाच दिवस घरी बसून एल्डरविकांचा कुळवृत्तांत लिहायचे.

कुळवृत्तांत म्हणजे अगदी आपल्याकडे असतो तसा. घराणे पहिले, घराणे दुसरे, थोरल्या भावाच्या वंशाची थोरली पाती, धाकट्याची धाकटी पाती, कोण कुठून कुठे गेला, कुणाची मुलगी कुठे दिली. कागदाचं एक लांबलचक भेंडोळं त्यांनी हॉलच्या भिंतीवर चिकटवलं होतं. ते सोफ्यामागून निघून टीव्हीला वळसा घालून जिन्यापर्यंत आलं होतं. पाहुणा आला की त्याला आधी मूळपुरुषापासून जिन्यापर्यंत चालत न्यायचं, मगच बसायला सांगायचं, हा नियम होता. काकू चहाचा ट्रे घेऊन मागून चालायच्या. "माझ्या हॉलमध्ये मी सोडून सगळे राहतात," असं त्या प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या, आणि पाहुणा हसला की काका म्हणायचे, "हसताय काय, हा जोसाया बघा. तीन लग्नं, अकरा मुलं, आणि शिवाय गव्हर्नरशी भांडण."

मी मूळची नागपूरची, नोकरीसाठी इथे आलेली. मला खरं सांगायचं तर या प्रकाराचा पहिल्या दिवशी वैताग आला होता. मी घर बघायला आले तेव्हा पाणीबिणी न विचारता काकांनी मला पहिला प्रश्न केला तो, "पणजोबांचं नाव काय?" मला ते माहीत नव्हतं. काकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर माझ्या मॅनेजरलाही कधी जमली नाही. मी त्याच संध्याकाळी बाबांना फोन करून पणजोबांचं नाव विचारलं, आणि बाबा गडबडले. त्यांनाही आत्याला विचारावं लागलं.

हा प्रश्न काका कुणालाही विचारत. पोस्टमनला, दातांच्या डॉक्टरला, बर्फ साफ करायला येणाऱ्या माणसाला. "युअर ग्रँडफादर्स गुड नेम? अँड ओरिजिनल व्हिलेज?" गंमत म्हणजे लोक सांगायचे. रस्त्यात थांबून, मोजे ओले होईपर्यंत सांगायचे. पोलंडमधल्या कुठल्याशा खेड्याचं नाव सांगताना तो बर्फवाला रडवेला झालेला मी खिडकीतून पाहिलाय. आपल्याला कुणीतरी हे विचारावं असं माणसांना आतून वाटत असतं, हे मला काकांमुळे कळलं.

स्मशानं हा त्यांचा दुसरा षोक. आठवड्यातून एकदा मऊ ब्रश, पाण्याची फवारणीची बाटली आणि काकूंनी दिलेला पोळीभाजीचा डबा घेऊन ते कुठल्यातरी जुन्या चर्चच्या आवारात जायचे. तिथे कुंपणाशी बूट काढायचे आणि मोज्यांवर आत शिरायचे. एकदा मी बरोबर होते. तिथल्या राखणदारानं विचारलं, बूट का काढलेत? काका म्हणाले, "पीपल आर स्लीपिंग." तो माणूस आपल्या गाडीकडे निघून गेला. माझे बूट पायातच होते, मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

काकांनी तीस वर्षं औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली होती, त्यामुळे कागदाच्या बाबतीत ते कर्दनकाळ होते. ऐकीव गोष्ट भिंतीवर चढत नसे. बाप्तिस्म्याची नोंद, मृत्युपत्र, थडग्यावरचा मजकूर, नाहीतर पत्र, यातलं काहीतरी हातात पाहिजे. कुणी डीएनएसाठी लाळ तपासून घेऊन त्या रिपोर्टच्या जोरावर एल्डरविक असल्याचं सांगत आलं की काका नम्रपणे म्हणायचे, "थुंकी ठेवा तुमच्याजवळ. बापाचं नाव सांगा."

पण या माणसानंही एक चूक अशी केली की ती आपल्यातल्याच माणसानं करावी. सॅम्युअल व्हीलर एल्डरविक नावाचा एक असेंब्लीवाला त्यांना सापडला. आपल्याकडे मधलं नाव बापाचं. काकांनी बेधडक लिहून टाकलं: वडील, व्हीलर एल्डरविक. मग सात महिने ते त्या व्हीलरला शोधत होते. चार काउंट्यांची दफ्तरं पालथी घातली. व्हीलर कुठे सापडेना, तेव्हा तो समुद्रमार्गे बार्बाडोसला गेला असावा असा तर्क बांधला, आणि एक हॅना नावाची बाई नवऱ्याशिवाय लोंबकळत होती ती त्याला देऊन टाकली. शेवटी म्युझियमच्या क्युरेटर बाईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की व्हीलर हे त्या सॅम्युअलच्या आईचं माहेरचं आडनाव. इथे मधलं नाव काहीही असू शकतं. आईकडचं, मामाचं, आवडत्या पाद्र्याचं.

काका घरी आले, व्हीलरवर एका रेघेनं काट मारली, बाजूला सही केली, तारीख घातली. खाडाखोड नाही, पांढरा रंग नाही. "चूक दिसली पाहिजे," ते म्हणाले. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "चला, हॉलमधला एक तरी गेला." हॅना मात्र काकांना सोडवेना. ती पुढे दोन वर्षं भिंतीवर एकटी होती.

मग मिस लॉरेट्टा आल्या, आणि खरी धमाल सुरू झाली.

त्या दिवशी काका टूर घेत होते. मी सहज गेले होते. मॅन्शनच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात काका सगळ्यांना चूल दाखवत होते, तेव्हा मागून एका उंच, काळ्या, ऐंशीच्या घरातल्या बाईंनी विचारलं, "इथे स्वयंपाक कोण करायचं?" गाइडांना दिलेल्या कागदावर याचं उत्तर 'घरातील नोकरवर्ग' असं होतं. काका ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "माझी माणसं करायची. आणि ती नोकर नव्हती, विकत घेतलेली होती."

सगळे जमिनीकडे बघायला लागले. मलाही कुठे बघावं कळेना. काकांचे डोळे मात्र लकाकले. त्यांनी खिशातून वही काढली आणि विचारलं, "पणजोबांचं नाव काय?"

मिस लॉरेट्टांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. कुणी प्रश्न विचारला तर उत्तर खणखणीत द्यायचं, ही त्यांची रीत. त्यांनी तिथल्या तिथे, चुलीला टेकून, सात पिढ्या म्हणून दाखवल्या. त्यांच्या घरच्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर ती नावं लिहिलेली होती आणि त्यांच्या आजीनं ती पाठ करून घेतली होती. सर्वांत वरचं नाव होतं अ‍ॅब्रम कॉर्नेलियस फ्रीमन, आई डायना, या घरातली गुलाम. बापाच्या जागी काहीच नव्हतं.

"कॉर्नेलियस," काका म्हणाले. "मधलं नाव कॉर्नेलियस. म्हणजे बाप कॉर्नेलियस."

क्युरेटर बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी काकांची बाही ओढली. "काका, प्लीज. व्हीलर आठवतोय ना?"

पण कॉर्नेलियस एल्डरविक होता. जोसायाचा सगळ्यात मोठा मुलगा, कौन्सिलवर बसलेला, बिनलग्नाचा. घराण्याच्या जुन्या छापील पुस्तकात त्याच्या नावापुढे तीन शब्द होते, त्यांचा आपल्याकडचा एक शब्द होतो: निर्वंश. काका गाडीत तो शब्द दोनदा स्वतःशीच म्हणाले.

पुढचे तीन महिने काका म्युझियमच्या वरच्या खोलीत बसून कॉर्नेलियसच्या बहिणीची पत्रं वाचत होते. बाईचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, आणि विषय सगळे दातदुखीचे. आणि एका मंगळवारी मी वर मीटिंगमध्ये असताना माझ्या दारावर थापा पडल्या. दारात काका. हातात अजून म्युझियमचे पांढरे हातमोजे, कपाळावर घाम.

"चल खाली," ते म्हणाले. "मीटिंग कॅन्सल कर."

"काका, क्लायंट आहे लाइनवर."

"क्लायंट उद्याही असेल. हा कागद अडीचशे वर्षांनी बोलतोय."

मी खरंच मीटिंग सोडली. टेबलावर त्या पत्राची नक्कल होती. बहिणीनं आपल्या मैत्रिणीला लिहिलं होतं, की डायनाच्या अ‍ॅब्रमला आमच्या वडिलांची हनुवटी आहे, कॉर्नेलियस त्याला अक्षरं शिकवतो आणि जेवणाच्या टेबलावर मात्र त्याचं नाव काढू देत नाही. बापानं मुलाला असं वागवावं याची मला लाज वाटते, असं तिनं शेवटी लिहिलं होतं. मी ते तीनदा वाचलं. काकू पदराला हात पुसत आल्या, त्यांनीही वाचलं आणि काकांना म्हणाल्या, "अहो, आधी त्या बाईंना फोन करा. कागद नंतर चिकटवा."

मिस लॉरेट्टांना काकांनी ते पत्र फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझ्या आजीला हे माहीत होतं. तिला कुणी विचारलं नाही." त्यांची मागणी एकच होती. घराण्याची असोसिएशन काकांचा कुळवृत्तांत छापणार होती, आणि जूनमध्ये मॅन्शनच्या हिरवळीवर त्यांचा मेळावा होता. त्या पुस्तकात आपली माणसं कॉर्नेलियसच्या खाली, त्याच्या मुलाची म्हणून लागली पाहिजेत. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. पुढच्या आवृत्तीची वाट बघायला त्यांना वेळ नव्हता.

आठवड्याभरात असोसिएशनचे अध्यक्ष घरी आले. उंच, गोरे, अतिशय सभ्य गृहस्थ, जोसायाच्या धाकट्या मुलाच्या वंशातले. येताना बिस्किटांचा डबा घेऊन आले होते. काकूंनी त्यांना चकली दिली, ती त्यांनी काट्यानं खायचा प्रयत्न केला. त्यांचं म्हणणं असं, की पत्र महत्त्वाचं आहे, पण पत्र एकच आहे. पुस्तक शंभर वर्षं राहणार, तेव्हा जपून गेलं पाहिजे. मिस लॉरेट्टांची शाखा शेवटच्या परिशिष्टात घालू, संभाव्य संबंध म्हणून. तसं केलंत तर पुस्तक उद्या छापायला जाईल, मुखपृष्ठावर तुमचं नाव. नाहीतर असोसिएशन ते छापणार नाही.

ते गेल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, नाव तर येतंय ना? मागे का होईना." मीही म्हटलं, "काका, अपेंडिक्स इज नॉट बॅड. आपल्या कुळवृत्तांतातही शेवटी असतातच ना, न जुळलेली घराणी." सात वर्षांचं काम वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. ते पुस्तक व्हावं म्हणून हा माणूस जगत होता, हे मी रोज बघत होते.

काका उठले, आतून एक जाड, कापडी बांधणीचं पुस्तक घेऊन आले. त्यांच्या स्वतःच्या घराण्याचा कुळवृत्तांत. मधलं एक पान उघडून त्यांनी माझ्यापुढे धरलं. त्यांच्या वडिलांचं नाव, खाली दोन मुलगे. थोरल्याच्या नावापुढे लिहिलं होतं, निर्वंश.

"माझा मोठा भाऊ," काका म्हणाले. "सांगलीला होता. जातीबाहेर लग्न केलं. हे पुस्तक निघालं तेव्हा त्याची मुलगी दोन वर्षांची होती. माझं अक्षर चांगलं म्हणून छापखान्याला द्यायची प्रेसकॉपी मी करत होतो. वडील म्हणाले, त्याच्यापुढे निर्वंश लिही. मी बावीस वर्षांचा होतो. लिहिलं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. छापून आलं. दादानं ते वाचलं. पुन्हा कधी बोलला नाही. चार वर्षांपूर्वी गेला, ते मला नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं." त्यांनी पुस्तक मिटलं. "एकदा हा शब्द माझ्या हातानं लिहिलाय. दुसऱ्यांदा नाही. परिशिष्टातही नाही."

काकू हे सगळं पन्नास वर्षं जाणून होत्या. अध्यक्षांनी अर्धी सोडलेली चकली उचलून त्या आत गेल्या. मला मात्र रडू आलं आणि त्या क्षणापासून परिशिष्टाचं नाव मी काढलं नाही.

काकांनी अध्यक्षांना नकार कळवला. अध्यक्ष म्हणाले, वाईट वाटतं, पण मग हे पुस्तक आमचं नाही. मेळाव्यातली तुमच्या भाषणाची दहा मिनिटं मात्र राहतील, मी शब्द दिलाय. असा तो माणूस होता. त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येईना.

मेळाव्याच्या दिवशी आम्ही भिंतीवरचं भेंडोळं सोडवून गाडीत घातलं. हिरवळीवर दीडएकशे एल्डरविक जमले होते, पांढऱ्या टोप्या, लिंबू सरबत, घडीच्या खुर्च्या. आणि एका कडेला मिस लॉरेट्टा, बरोबर त्यांची एकोणीस माणसं. सगळ्यांच्या अंगात पिवळे टी-शर्ट, त्यावर त्यांच्या आजीचा फोटो. कुणी त्यांना जा म्हणालं नाही, कुणी या, बसा असंही म्हणालं नाही.

काकांची पाळी आली. त्यांनी मला आणि काकूंना खूण केली आणि आम्ही तिघांनी तो कागद हिरवळीवर लांबच लांब उलगडला. लोक उठून बघायला लागले, आपापली नावं शोधायला लागले, एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यावर बसून आपल्या आजीच्या नावावरून बोट फिरवत होते. काकांनी माईक घेतला.

"आमच्याकडे अशी पद्धत आहे," ते इंग्रजीत म्हणाले, "घराणं एकत्र जमलं की पहिला मान थोरल्या पातीचा. मोठ्या मुलाचा वंश आधी उभा राहतो, मग धाकट्याचा. आता मी बोलावतो तशी आपापल्या नावापाशी या. जोसाया एल्डरविक. त्याचा थोरला मुलगा कॉर्नेलियस. कॉर्नेलियसचा मुलगा अ‍ॅब्रम, आई डायना. थोरली पाती: मिस लॉरेट्टा फ्रीमन आणि मंडळी."

हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं मी तो कागद बघत होते. कॉर्नेलियसला मूल आहे म्हटलं की ही बस चालवणारी बाई त्या दीडशे जणांच्या आधी लागत होती, आणि अध्यक्ष तिच्या मागे. कागदाचं टोक माझ्या हातातून सुटलं.

मिस लॉरेट्टा उठल्या. काठी टेकत, कुणाकडे न बघता, सरळ कागदापाशी आल्या आणि आपल्या नावाशी उभ्या राहिल्या. मागून एकोणीस पिवळे शर्ट. टाळ्या वाजल्या नाहीत. सरबताच्या टेबलाशी कुणाचातरी ग्लास पडला. काकांनी पुढचं पुकारलं, "आता धाकटी पाती. अध्यक्ष आणि मंडळी."

अध्यक्ष जागचे हलले नाहीत. सगळी हिरवळ त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांनी टोपी काढली, चालत आले आणि मिस लॉरेट्टांच्या मागे आपल्या नावाशी उभे राहिले. "पुरावा अजून अपुरा आहे, असं माझं मत आहे," ते त्यांना म्हणाले. मिस लॉरेट्टा म्हणाल्या, "असू दे. रांग बरोबर आहे." त्यांच्यामागे मग एकेक जण येत गेला. सगळे आले नाहीत. पंचवीस-तीस जण खुर्च्यांवर बसून राहिले, आणि दोन कुटुंबं गाडी काढून निघून गेली. पुस्तक असोसिएशननं छापलं नाहीच. ते पुढे काकांनी स्वतः छापलं, कॉर्नेलियसच्या पातीपासून सुरुवात करून.

त्या दुपारी जेवणाच्या रांगेत मिस लॉरेट्टांनी काकांना विचारलं, एवढं सगळं तुम्ही का केलंत? काकांनी भावाची हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "मग त्यांच्या मुलीला कधी बोलावणार?"

काका प्लेटमध्ये काट्यानं रेघा ओढायला लागले.

"नंबर आहे?"

"आहे. चार वर्षांपासून."

मिस लॉरेट्टांनी आपली प्लेट उचलली. "मला बोलावलंत तसं बोलवा," एवढं म्हणून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सांगलीत संध्याकाळ असेल असा हिशेब करून, काकांनी फोन लावला. मला त्यांनी मुद्दाम खाली बोलावून घेतलं होतं. फोन नेहमीसारखा स्पीकरवर. एका बाईंनी उचलला, आवाज पन्नाशीचा. काकांनी सांगितलं, मी अमेरिकेहून बोलतोय, मी तुझ्या बाबांचा धाकटा भाऊ.

"काहीतरी चुकतंय तुमचं," ती म्हणाली. "बाबांना भाऊ नव्हता. ते एकटेच होते, असंच सांगायचे आम्हाला."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिकडे मागून कुणीतरी म्हातारं माणूस विचारत होतं, कोण गं, कुणाचा फोन. "अमेरिकेतून कुणी आहेत आई, म्हणतात बाबांचे भाऊ." मग खुर्ची सरकल्याचा आवाज, पावलं, फोन हातातून हातात गेल्याची खरखर.

"कोण?" पलीकडून थकलेला आवाज आला. "धाकटे भाऊजी का?"

काकूंनी पुढे होऊन फोन स्वतःकडे ओढला.

"हो, जाऊबाई," त्या म्हणाल्या. "तेच आहेत. रडताहेत."